अक्कांची फुंकर

"खरं सांग राजूबाई, बेंबीला काय लावलंस? शेण लावलंस का राख?" अन्नपूर्णाबाईंनी दम भरला.

"काय बी लावलं न्हाई, अक्का. तुमी सांगितल्यापासून तिकडं बोट बी नेलं न्हाई. रोज नुसतं कोमट पाणी."

"मग हे असं कामून झालंय?"

राजूबाईच्या मांडीवर आठवड्याभराचा नातू पडला होता. मानेच्या वळीत, काखेत, जांघेत पिवळट पाण्याचे फोड आले होते आणि बेंबीभोवतीची कातडी लालभडक झाली होती. पोर रडत नव्हतं, नुसतं कण्हत होतं, आणि रडणाऱ्या पोरापेक्षा कण्हणारं पोर वाईट हे अन्नपूर्णाबाईंना चांगलं ठाऊक होतं. शेजारी सून नागूबाई तापानं थरथरत बसली होती. तिच्या छातीची एक बाजू दुधानं दगडासारखी झाली होती. लग्नानंतर कैक वर्षांनी, नवससायास करून झालेलं हे पहिलं लेकरू. खटकचिंचोळीहून बैलगाडीत येताना तिनं त्याला एकदाही कुणाच्या हातात दिलं नव्हतं. सासूच्या मांडीवर दिलं ते इथं आल्यावर, डॉक्टरांना बघता यावं म्हणून.

शुक्रवार होता, बाजाराचा दिवस. बिदर जिल्ह्यातल्या ह्या गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. ज्यांचा जन्म तिथल्या ट्रस्टच्या दवाखान्यात झालाय त्यांना आपोआप कळेल, आणि बाकीच्यांचं त्यावाचून काही अडत नाही. दवाखान्याच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली सतरंजी अंथरलेली असे. मिरच्या, मीठ, चोळीचं कापड घ्यायला आलेल्या बाळंतिणी तिथं टेकत, आणि डॉक्टर विरुपाक्ष आई आणि मूल दोघांनाही तपासत.

ही टूम डॉक्टरांचीच. ते गुलबर्ग्याहून नवे नवे आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "आपल्याकडून घरी गेलेल्या बायकांचं पुढं काय होतं?" सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. काय व्हायचंय? तिसऱ्या दिवशी बाई बाळ घेऊन गेली म्हणजे दवाखान्याचं काम फत्ते. पुढं पोराला फोड आले तर ती उष्णता, ताप आला तर ती नजर, आणि गेलंच तर तो देव. दवाखान्याशी त्याचा संबंध काय? डॉक्टरांना मात्र हा संबंध आहे की नाही तेच बघायचं होतं. त्यांनी बोलावून पाहिलं, कुत्रंही फिरकलं नाही. मग अन्नपूर्णाबाईंनी निरोप धाडले, आणि पुढच्याच शुक्रवारी सतरंजी पुरेना.

"अक्का," नागूबाईच्या बाळावर वाकलेले डॉक्टर हळूच म्हणाले, "मागच्या बाजाराला असंच एक आलं होतं ना?"

"व्हय. त्याच्या आधी चिटगुप्प्याकडची ती बाई, दुधाची गाठ घेऊन आलेली. आणि अजून एक दोघी."

"सगळ्या आपल्याच इथं बाळंत झालेल्या."

आपल्या बाळंतिणीच्या खोलीत, आपल्या नाकाखाली काही घाण शिरली आहे, ही गोष्ट अन्नपूर्णाबाईंना अपमानासारखी झोंबली.

त्यांना ती झोंबणारच. अन्नपूर्णाबाई म्हणजे अच्युतराव मास्तरांची धाकटी बहीण. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कुंकू पुसलं गेलं, आणि भावानं तिला आत स्वयंपाकघरात कोंडून न ठेवता हैदराबादला सुईणीचं शिक्षण घ्यायला पाठवलं. भाऊबंदांनी त्यावर तोंडसुख घ्यायचं तेवढं घेतलं. निजामाचं राज्य तेव्हा शेवटचे आचके देत होतं. ती शिकली उर्दूत, परत आली तोवर राज्य बदललं, मग म्हैसूरचं झालं, मग त्याचं कर्नाटक झालं. दवाखान्याच्या पाटीवरची अक्षरं प्रत्येक वेळी पुसून नवी लिहिली गेली. कळा द्यायची रीत मात्र एकाही सरकारला बदलता आली नाही. बायका ओरडायच्या त्या मराठीत, कानडीत आणि दखनीत, आणि अन्नपूर्णाबाई ज्या त्या भाषेत त्यांना धीर द्यायच्या, नाहीतर शिव्या. लहानथोर सगळे त्यांना अक्का म्हणत. साठीतली म्हातारीसुद्धा अक्काच म्हणायची.

स्वच्छता म्हणाल तर बाईंनी तिचं सोवळंच करून टाकलं होतं. कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय आत पाऊल नाही. आयांच्या हातातल्या बांगड्या दाराबाहेर खुंटीला. भांडी, कात्र्या, सुया उकळत असताना शेजारी कुणी शिंकलं तरी परत पहिल्यापासून उकळायला लावायच्या. स्वतःच्या नाकातोंडाला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं असायचं, आणि ते खाली यायचं फक्त एकदा.

मूल बाहेर आलं, रडलं, नाळ बांधून झाली की अक्का फडकं हनुवटीखाली ओढायच्या, पोराला दोन्ही तळव्यांवर तोंडाजवळ धरायच्या आणि त्याच्या टाळूवर, मग तोंडावर, मग छातीवर हळूच फुंकर घालायच्या. हैदराबादला त्यांना ज्या म्हाताऱ्या दाईनं हातात हात धरून शिकवलं, त्या आपांची ही रीत. आपा ओठांत काहीतरी पुटपुटायच्या, अक्का नुसतीच फुंकर घालायच्या. पण आजूबाजूच्या गावांत तिचा एवढा बोलबाला झाला होता की विचारू नका. अक्कांची फुंकर मिळालेल्या पोराला नजर लागत नाही, दात सुखानं येतात. एखादीची घाईगर्दीत राहून गेली तर सासू दुसऱ्या दिवशी मूल घेऊन दारात हजर. ज्या बाईला स्वतःचं मूल नव्हतं, तिला हे सुख केवढं होतं हे मी काय सांगू? प्रत्येक पोराच्या आयुष्यात पहिला वारा आपला, असं त्या एकदा भावाला म्हणाल्या होत्या आणि मग आपण जास्तच बोललो म्हणून लाजल्या होत्या.

नागूबाईच्या बाळाला भरती करून घेतलं. अक्कांनी स्वतः पेनिसिलिनच्या भुकटीत पाणी घालून कुपी हलवली, सुई भरली, सिरिंज उभी धरून दट्ट्या दाबला आणि सवयीनं वर पिचकारी उडवली. आतला वारा निघून जावा म्हणून सगळेच असं करत. मग एवढ्याशा मांडीत सुई टोचली. दिवसातून चार वेळा टोचत राहिल्या. फोड काही कमी होईनात. एक फुटला की शेजारी दोन.

"औषध लागू पडत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "ह्या जंतूंना पेनिसिलिनची सवय झालीय. एक नवीन औषध आहे, हैदराबादला मिळेल." त्यांनी लगेच माणूस बसनं रवाना केला. बाळाच्या फोडातलं पाणी कापसाच्या बोळ्यावर घेऊन गुलबर्ग्याला तपासायला पाठवलं.

अक्कांना मात्र तपासणीची वाट बघायला सवड नव्हती. घाण कुठून येतेय ते त्यांना आत्ताच्या आत्ता शोधायचं होतं. त्यांनी पाणी शुद्ध करायला विहिरीत पोटॅश टाकवलं. धोब्याला बोलावून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. खोली चुन्यानं पांढरी करून घेतली. आणि मग त्यांची नजर ईरम्मावर गेली.

ईरम्मा बाळंतिणीच्या खोलीतली आया. पोरांना पहिली आंघोळ तीच घालायची. तिच्या अंगठ्याला कधीतरी नखुरडं झालेलं अक्कांना आठवलं. बस्स, एवढं पुरलं. सगळ्या आया, कंपाउंडर, दोन बाळंतिणी आणि त्यांचे पाहुणे उभे असताना अक्का कडाडल्या, "हात दाखव तुझा! हाच हात लावायलीस का लेकरांना? ह्या हातानंच पसरवायलीस तू हे! आजपासून खोलीत पाऊल टाकायचं न्हाई. अंगण झाड जा."

"यव्वा! माझं नख कवाच बरं झालंय, अक्का," ईरम्मा म्हणाली. "तुमीच तर बघितलाव."

"जा म्हणाले ना!"

ईरम्मानं खराटा उचलला आणि ती गेली.

हैदराबादचं औषध आलं त्या दिवशी सकाळीच नागूबाईचं बाळ गेलं. औषधाचं खोकं टेबलावर तसंच राहिलं. नवरा अंबाजी पोराला चिरगुटात गुंडाळून दोन्ही हातांवर घेऊन बाहेर पडला तेव्हा नागूबाईला शुद्ध नव्हती. त्याच औषधानं नागूबाईच्या छातीतलं गळू बसलं, ताप उतरला. जाताना ती अक्कांच्या पाया पडली. "तुमी लई केलाव आमच्यासाठी," ती म्हणाली. अक्कांनी तिला उठवून छातीशी धरलं आणि दोघी बराच वेळ रडल्या.

डॉक्टरांनी मध्यंतरी दवाखान्यातल्या सगळ्यांच्या नाकाघशातून कापसाचे बोळे फिरवून तेही गुलबर्ग्याला पाठवले होते. स्वतःचासुद्धा. कंपाउंडरला गुदगुल्या होऊन तो ठसकला तेव्हा सगळे हसले होते. अक्काही हसल्या होत्या. नागूबाई घरी गेल्यावर दोन तीन दिवसांनी उत्तर आलं. डॉक्टरांनी अक्कांना खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"बसा, अक्का."

"मी बरी आहे उभी. ईरम्माच ना?"

"ईरम्माकडं काही सापडलं नाही." डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. वयानं ते अक्कांच्या मुलासारखे, आणि त्यांच्या तोंडावर तसंच काहीसं होतं, आईला वाईट बातमी सांगायची पाळी आलेल्या मुलाचं. "तुमच्या नाकात सापडलेत, अक्का. बाळांच्या फोडात जे जंतू होते तेच. पेनिसिलिनला न जुमानणारे."

अक्का आधी हसल्या. "माझ्या? अहो, मला साधं पडसं न्हाई आलं दिवाळीपासून."

"ते तुम्हाला त्रास देत नाहीत. तुमच्यापाशी नुसते राहतात. मोठ्या माणसाच्या अंगात जोर असतो. नुकत्या जन्मलेल्या पोराच्या अंगात काय असतंय?"

"मी फडकं बांधतेय की."

अक्कांचा हात आपोआप वर गेला आणि हनुवटीपाशी थांबला. त्या सावकाश खुर्चीत बसल्या.

"पण माझ्याच नाकात कामून?" त्यांनी विचारलं.

"नक्की कोण सांगणार? पण आपण सुई भरताना वर पिचकारी उडवतो ना, ती हवेत जाते. तुम्ही कैक वर्षं उडवायलाव. ते पेनिसिलिन रोज थोडं थोडं नाकात जातं. साधे जंतू मरतात, निबर तेवढे मागं राहतात. त्यांना ते जेवणातल्या मिठासारखं झालंय." ते घाईघाईनं पुढं म्हणाले, "ह्यात तुमची चूक नाही, अक्का. आम्हीही तसंच शिकलोय. देशभरातल्या नर्सा तेच करतात."

"नागूबाईचं लेकरू..."

"त्याच्या फोडातलं पाणी मीच पाठवलं होतं."

"आणि त्याच्या आधीची?"

"ते आता कळायचं नाही. आधी कुणी विचारलंच नव्हतं."

कळायचं नाही, म्हणजे कदाचित एकही नसेल, आणि कदाचित पुष्कळ असतील. रस्त्यात भेटून पाया पडणारी तरणी पोरं अक्कांना आठवली, आणि पहिल्यांदाच, कधीच न भेटलेली पोरंही आठवली. उष्णतेनं गेलेली. नजरेनं गेलेली. देवानं नेलेली.

ट्रस्टचे चेअरमन चनमल्लप्पा शेट स्वतः आले. बाईंनी आयुष्य वेचलं होतं त्यांच्या दवाखान्यापायी, हे ते विसरले नव्हते. "अक्का, ही गोष्ट आपल्या तिघांत," ते म्हणाले. "बाहेर गेली तर बायका परत घरात, विळ्यानं नाळ कापून घेतील. त्यात किती पोरं जातील ते तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?" ते काही खोटं बोलत नव्हते. तीच तर पंचाईत होती. अक्कांनी मान डोलावली. त्यांचे डोळे अधू झालेत, म्हणून त्या खोलीत जात नाहीत, असं सगळीकडं सांगायचं ठरलं.

नाकात मलम सुरू झालं. जंतू गेले, परत आले. दुसरं मलम झालं, परत तेच. डॉक्टर म्हणाले, "तोंडाला फडकं घट्ट बांधून, फुंकर तेवढी बंद करून काम करून बघू." अक्का म्हणाल्या, "अजून एखादं लेकरू गेलं म्हणजे कळेल, चाललं का न्हाई ते. मी न्हाई जाणार आत." त्यांनी खोलीच्या किल्ल्या नव्या नर्सच्या, मालतीबाईंच्या, हातात दिल्या आणि मागं वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर मात्र त्यांनी चूल पेटवली नाही. अच्युतरावांनी जेवायला हाक मारली तर म्हणाल्या, "मला भूक न्हाई, दादा. आज माझ्या हाताखालचं सगळंच गेलं."

ईरम्माचं राहिलं होतं. तिला एका बाजूला बोलावून अक्का म्हणाल्या, "ईरम्मा, तुझी चूक नव्हती. मी उगीच बोलले. मला माफ कर."

ईरम्मानं खराटा भिंतीला टेकवला. "अक्का, बोललाव तवा सगळ्यांदेखत बोललाव. आता माफी मागायला कोपऱ्यात बोलवायलाव."

अक्कांना तोंड वर करवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले असताना त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "ईरम्माचे हात स्वच्छ आहेत. घाण तिनं आणली नव्हती. मी खोटा आळ घेतला." मग घाण कुणी आणली, असं कंपाउंडरनं विचारलंच. अक्का म्हणाल्या, "ते माझं मी बघून घेतलंय." ईरम्मा परत खोलीत गेली. अक्कांशी ती पुढं कधी फारसं बोलली नाही. पण दुपारी त्यांच्यासाठी चहाचा पेला आणून ठेवू लागली.

अक्कांना बसायला केसपेपरची खिडकी मिळाली. जाळीच्या आत टेबल, समोर व्हरांडा. नाव, गाव, वय, कितवं बाळंतपण. बायका जाळीला तोंड लावून म्हणायच्या, "अक्का, तुमी न्हाई येणार आत?" अक्का डोळ्यांकडं बोट दाखवायच्या. बायका चुकचुकायच्या, काही जणी त्यांच्या डोळ्यांसाठी देवाला काकड्याचा नवस बोलायच्या. आतून पोराचं पहिलं रडणं ऐकू आलं की अक्कांचं लिहिणं थांबायचं. रडण्यावरून मूल कसं आहे ते त्यांना बसल्या जागी कळायचं. सुरुवातीला त्या अंदाज बरोबर आला की मनातल्या मनात हसत. पुढं पुढं त्या रडण्याच्या वेळी मुद्दाम मोठ्यानं पुढच्या बाईचं नाव विचारू लागल्या.

एक चांगली गोष्ट झाली. शुक्रवारची सतरंजी तशीच चालू राहिली, आणि फोड आलेली लेकरं यायची हळूहळू बंद झाली. डॉक्टर एके दिवशी खिडकीपाशी येऊन म्हणाले, "अक्का, ह्या पावसाळ्यात एकही नाही." त्यांना वाटलं, बाईंना बरं वाटेल. अक्कांना बरं वाटलंही. पण ज्या कुणाला आपण नसल्यानं सगळं ठीक झाल्याचं कळलंय, त्यालाच विचारा ते बरं वाटणं कसं असतं.

दोन वर्षांनी नागूबाई परत आली. दिवस भरले होते. बरोबर राजूबाई होती, आणि अंबाजी गाडी सोडायला मागं थांबला होता. अक्कांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं. कितवं बाळंतपण, हे त्यांना विचारवलं नाही. त्यांनी आपणच लिहिलं, दुसरं.

"अक्का, मला तुमच्याच हातानं पायजे," नागूबाई जाळीला धरून म्हणाली.

"मालतीबाई चांगल्या आहेत, नागू. माझे डोळे..."

"डोळे." नागूबाईनं सासूला पाणी आणायला पिटाळलं आणि आवाज खाली आणला. "एवढ्या बारीक अक्षरात माझं नाव लिहिलाव, अक्का. चष्मा बी न्हाई तुमाला. मला अडाणी समजायलाव व्हय?"

अक्कांनी टाक खाली ठेवला.

"मला ठाव हाय तुमी कामून हात लावीत न्हाई ते. पयलं लेकरू गेलं म्हणून माझी ओटीच खोटी समजायलाव. गावात बी मला बारशाला बोलवीत न्हाईत कुणी. पाळण्याजवळ गेले की लेकरू उचलून नेत्यात. नेऊ दे. पर मला वाटलं, अक्का तशी न्हाई." तिचा आवाज फुटला. "तुमी बी तसंच करायलाव."

अक्का उठल्या. बाजूच्या दारानं त्यांनी नागूबाईला आत घेतलं, पलीकडच्या भिंतीपाशी बाकावर बसवलं, आणि स्वतः दाराजवळ, लांब उभ्या राहिल्या. त्यांना चनमल्लप्पा शेटांचा चेहरा आठवला, दिलेला शब्द आठवला. उद्या अंबाजी चार माणसं घेऊन येईल, बायका दवाखान्याचं नाव टाकतील, हेही दिसलं. पण समोरची बाई दोन वर्षं दुसऱ्यांच्या पाळण्यांपासून हाकलली जात होती, आणि ती कुणामुळं ते अक्कांना ठाऊक होतं.

"नागू, तुझी ओटी खोटी न्हाई. ते लेकरू तुझ्या नशिबानं न्हाई गेलं. माझ्या श्वासानं गेलं."

नागूबाईला काही उमगलं नाही. अक्कांनी सगळं सांगितलं. जंतू, नाक, गुलबर्ग्याची तपासणी, फडकं खाली ओढणं. सोप्या शब्दांत सांगितलं, आपल्याला वाचवणारा एकही शब्द मधे घातला नाही.

"पर तुमी फुंकर घातलाव त्याला," नागूबाई म्हणाली. "सासूबाईनं मागून घेतली होती."

"व्हय. त्याच फुंकरीनं."

"तुमाला ठाव होतं तवा?"

"न्हाई ग. देवाशपथ न्हाई. नंतर कळलं."

"कवा?"

"तू घरी गेल्यावर. लगेच."

नागूबाई बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं. "दोन वर्सं झाली, अक्का," ती शेवटी म्हणाली. "दोन वर्सं मी माझ्या कपाळाला बोल लावायले. कुणाला तरी धाडून एवढं कळवायचं होतं."

"व्हय," अक्का म्हणाल्या. "कळवायचं होतं."

तेवढ्यात राजूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. नागूबाई पोटाला हात लावून उठली, आणि काही न बोलता व्हरांड्यातून बाळंतिणीच्या खोलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी ती बाळंत झाली. मुलगी. रडणं खणखणीत होतं. त्या वेळी अक्कांना दुसऱ्या कुणाचं नाव विचारायचं सुचलं नाही. त्या हातात टाक धरून पार शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग त्या वाट बघू लागल्या. अंबाजी येईल, ओरडेल. अंबाजी आला, पण पेढे घेऊन आला, आणि जाळीतून एक त्यांनाही दिला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. नागूबाईनं कुणालाच सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही, हे अक्कांना समजेना. तिनं माफ केलं असेल असं मानायची त्यांची हिंमत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती घरी निघाली. राजूबाईच्या हातात नात होती. म्हातारी खिडकीपाशी थांबली आणि जाळीजवळ मूल उंच धरून म्हणाली, "अक्का, डोळे गेले म्हणून काय झालं? फुंकर तरी घाला की हिला! तुमच्या फुंकरीबिगर कसं न्यावं?"

अक्कांनी खुर्ची मागं सारली. त्या भिंतीला जाऊन टेकल्या, तोंडावर हात दाबून. बाळ जाळीपासून वीतभर अंतरावर होतं, डोळे मिटलेलं, जावळ भरपूर.

नागूबाई मागून आली. तिनं सासूच्या हातातून मुलगी काढून घेतली, छातीशी धरली आणि पदर ओढून तिचं तोंड पूर्ण झाकलं.

"अगं, असं काय करायलीस?" राजूबाई म्हणाली. "दाखव की अक्काला!"

"ऊन लागायलंय तिला, अत्याबाई," नागूबाई म्हणाली. "चला."

व्हरांड्यात सावली होती. राजूबाईनं एकदा वर आढ्याकडं बघितलं, पण बाळंतिणीशी वाद कोण घालणार? ती पुटपुटत पुढं झाली. नागूबाईनं जाता जाता एकदा जाळीतून आत बघितलं. अक्कांनी भिंतीला टेकूनच मान हलवली, बरोबर केलंस अशी. पदराखाली मुलीचे पाय हलत होते. बैलगाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत अक्का तिथंच उभ्या राहिल्या. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली, तोंड पुसलं, आणि जाळीपलीकडं ताटकळत उभ्या असलेल्या बाईला तिचं नाव विचारलं.